दगड घडवितां घडवितां : शिल्पकार एत्सुरो सोतो
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत मुख्य धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हां आम्ही एखाद्या संताचें चरित्र सांगूं अशी बहुतेकांची अपेक्षा असावी. संतांविषयीं आम्ही रविवारीं बोलतोंच. आज आम्ही एका पाथरवटाविषयीं बोलणार आहों. ते संत नाहींत. ते हयात आहेत, आणि हयात माणसास संत म्हणण्याची घाई आपली ख्रिस्तसभा कधींच करीत नाहीं. त्यांचें नांव एत्सुरो सोतो. जन्मानें जपानी, वास्तव्य स्पेन देशांतील बार्सिलोना शहरीं, आणि व्यवसाय दगड घडविण्याचा. जगांतील वृत्तपत्रें त्यांना मोठे शिल्पकार म्हणतात व तें खरेंही आहे; परंतु हातांत छिन्नी-हातोडा घेऊन दगडापुढें उभा राहणारा मनुष्य प्रथम पाथरवट असतो, मग शिल्पकार होतो, असें आम्हांस वाटतें.

हा विषय घेण्यास एक जवळचें कारणही आहे. तें लपवून ठेवणें आम्हांस आवडणार नाहीं. आपल्या मुख्य वेदीच्या नव्या कोरीव कामासाठीं ज्या कारागिराची योजना झाली आहे, तो ख्रिस्ती नाहीं. त्यावरून पडवींत आणि विहिरीच्या कांठीं जी कुजबुज चालते ती आमच्या कानीं आली आहे. ज्याला मिस्साबलीचा अर्थ ठाऊक नाहीं त्यानें वेदीस हात कां लावावा, असा तो प्रश्न आहे. प्रश्न विचारणारे भाविक आहेत. म्हणून त्यांना रागें भरण्यापेक्षां एका माणसाची हकीगत सांगावी असें आम्हीं ठरविलें.

सोतो यांचा जन्म १९५३ सालीं जपानच्या क्युशू बेटावरील फुकुओका येथें झाला. शिल्पकलेचें शिक्षण त्यांनीं क्योटो येथील कलाविद्यापीठांत घेतलें. क्योटो आणि फुकुओका हीं दोन नांवें वसईच्या माणसानें कान देऊन ऐकावीं अशीं आहेत. आपल्या भूमींत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना त्यांच्या सोबत्यांसह क्योटोंतच कानाची पाळी कापून रस्त्यांतून फिरविण्यांत आलें होतें. तेथून भर हिंवाळ्यांत सुमारें एक महिना चालवीत त्यांना नागासाकीस नेलें. ही वाट हाकाता गांवावरून गेली, आणि हाकाता म्हणजे आजच्या फुकुओका शहराचाच एक भाग होय. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर देण्यांत आलें. वसईचा पुत्र ज्या मातीवरून मरणाकडे चालत गेला, त्याच मातीवर साडेतीनशें वर्षांनंतर हा मुलगा जन्मला. मात्र तो ख्रिस्ती नव्हता, आणि ख्रिस्ती होण्याचा विचारही त्याच्या मनांत नव्हता. ओढ होती ती दगडाची.

१९७७ सालीं पदवी घेतल्यावर त्यांनीं थोडा काळ चित्रकला व शिल्प शिकविण्याचें काम केलें. पगाराची नोकरी होती. आपल्याकडील आईबापांनीं मुलास तीच धरून राहावयास सांगितलें असतें. परंतु १९७८ सालीं, वयाच्या पंचविशींत, ते यूरोपास निघाले, आणि फिरत फिरत बार्सिलोनास आले. तेथें एका अपुऱ्या मंदिराच्या आवारांत घडविण्यासाठीं आणून टाकलेल्या दगडांचा ढीग त्यांच्या दृष्टीस पडला. आपणांस येथें दगड घडवूं द्या, एवढीच विनंती त्यांनीं केली. परीक्षा म्हणून त्यांना काम देण्यांत आलें. तें पसंत पडलें. आणि जो मनुष्य प्रवासी म्हणून आला होता तो तेथलाच होऊन राहिला.

हें मंदिर म्हणजे पवित्र कुटुंबाचें प्रायश्चित्त-मंदिर, ज्यास तेथील लोक 'साग्रादा फमिलिया' म्हणतात. त्याची कल्पना एका धार्मिक पुस्तकविक्रेत्याची. बोकाबेया हें त्यांचें नांव. त्यांनीं संत योसेफाच्या भक्तांचा संघ स्थापिला होता, आणि लोकांच्या दानावरच हें मंदिर उभारावें असें त्यांनीं ठरविलें. १९ मार्च १८८२ रोजीं, म्हणजे संत योसेफाच्या सणाच्या दिवशीं, पायाचा दगड बसविला गेला. दुसऱ्याच वर्षीं काम अंतोनी गाउदी या एकतीस वर्षांच्या वास्तुशिल्पज्ञाकडे आलें, आणि पुढें त्रेचाळीस वर्षें, मरेपर्यंत, तें त्यांनीं सोडलें नाहीं. शेवटीं शेवटीं दुसरीं सर्व कामें टाकून ते याच कामांत राहिले. पैसा संपला तेव्हां स्वतः दारोदार दान मागत फिरले. ७ जून १९२६ रोजीं ट्रामगाडीचा धक्का लागून ते रस्त्यांत पडले. अंगावरील जुन्या कपड्यांमुळें लोकांनीं त्यांना भिकारी समजून गरिबांच्या रुग्णालयांत पोंचविलें, आणि तीन दिवसांनीं ते तेथेंच वारले. मंदिराच्या तळघरांत, कार्मेल पर्वताच्या देवमातेच्या वेदीपाशीं त्यांना पुरलें आहे. १४ एप्रिल २०२५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांना 'वंदनीय' ही पदवी देण्यास मान्यता दिली.

गाउदींनीं आपल्या हयातींत एवढ्या मनोऱ्यांपैकीं एकच पुरा झालेला पाहिला, तो संत बर्नबाचा, १९२५ सालीं. पुढें दहा वर्षांनीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें. १९३६ च्या जुलैंत जमावानें तळघरास आग लावली, कारखान्यांतील नकाशे जाळले, आणि प्लास्टरचे नमुने फोडून टाकले. शिष्यांनीं ते तुकडे गोळा केले, जुळविले, आणि त्यांवरून काम पुढें नेलें. सोतो आले तेव्हां कामावर देखरेख करणारे वृद्ध वास्तुशिल्पज्ञ गाउदींना प्रत्यक्ष पाहिलेले होते. तरी त्यांच्यापाशीं देखील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर नव्हतें. मूर्ति कोठें बसवावयाची हें ठाऊक. ती कशी असावी हें मात्र बहुधा कोणासच ठाऊक नव्हतें.

येथें या माणसाची खरी अडचण सुरू झाली. सोतोंच्या वाट्यास आली ती पूर्वेकडील बाजू, म्हणजे ख्रिस्तजन्माचें महाद्वार. तें उगवत्या सूर्याकडे तोंड करून आहे. त्यास आशा, श्रद्धा व प्रीति अशीं तीन द्वारें असून त्यांवर गाउदींनीं पानें, पक्षी, कोंबड्या, कासवें, मेंढपाळ, राजे, सर्व सृष्टि जणूं ख्रिस्तजन्माचा सण पाहावयास जमविली आहे. त्या गर्दींत बाळ येशूच्या भोंवतीं गाणारे व वाद्यें वाजविणारे देवदूत घालावयाचे होते. ख्रिस्तजन्मावर ज्याचा विश्वास नाहीं त्यानें त्या जन्माच्या आनंदानें गाणारा देवदूत कसा घडवावा? हात शिकलेले होते, दगड उत्तम होता, परंतु गाणाऱ्याचें तोंड उघडावयाचें म्हणजे तो काय गातो हें घडविणारास ठाऊक असावें लागतें.

प्रथम ते गाउदींचा अभ्यास करूं लागले. सर्व कारागीर हेंच करतात: उस्तादाच्या हाताकडे पाहावयाचें आणि तसाच हात चालवावयाचा. सोतोंनीं अनेकदां सांगितलें आहे कीं, हा मार्ग त्यांना एका भिंतीपाशीं नेऊन सोडी. गाउदींकडे कितीही पाहिलें तरी गाउदी कळत ना. मग त्यांनीं गाउदींकडे पाहणें सोडलें, आणि गाउदी ज्या दिशेस पाहत होते त्या दिशेस पाहूं लागले. या एका वाक्यासाठीं आम्हांस हा मनुष्य थोर वाटतो. आम्ही सेमिनरींत ज्ञानगुरूंचे मोठे मोठे ग्रंथ वाचले. आमच्यापैकीं कित्येकांचें आयुष्य ग्रंथकारांकडे पाहण्यांतच गेलें, आणि ग्रंथकार ज्याच्याकडे पाहत होते त्याच्याकडे मान वळविण्यास वेळ उरला नाहीं. जपानी पाथरवटानें ती मान वळविली. गाउदी पाहत होते झाडाकडे, पानाकडे, दगडाच्या शिरेकडे. आणि त्यांमधून त्यांच्या उत्पन्नकर्त्याकडे.

हा बदल एका रात्रींत झाला नाहीं. १९७८ सालीं आलेला मनुष्य १९९१ च्या सुमारास बाप्तिस्मा घेता झाला. मध्यंतरीं बारा-तेरा वर्षें गेलीं. तितकीं वर्षें हा अख्रिस्ती मनुष्य रोज सकाळीं देवाच्या घरीं येई, देवाच्या घराचा दगड घडवी, आणि संध्याकाळीं परत जाई. आमचे लक्ष या बारा-तेरा वर्षांकडेच अधिक जातें. बाप्तिस्म्याचा दिवस आनंदाचा खरा. परंतु त्या आधींच्या वर्षांत मंदिराच्या लोकांनीं त्याला काम दिलें, विश्वासानें उंच भिंतीवर चढूं दिलें, आणि तूं आमचा नाहींस म्हणून त्याच्या हातचा हातोडा काढून घेतला नाहीं. बाप्तिस्म्याआधीं त्यानें जो दगड घडविला तोही आज त्याच भिंतींत आहे. खालीं उभें राहून कोणता आधींचा व कोणता नंतरचा हें ओळखून दाखवील असा मनुष्य आम्हांस भेटावयाचा आहे.

पंधरा देवदूत पुरे होण्यास २००० साल उजाडलें. त्यांत सहा वाद्यें वाजविणारे व नऊ गाणारे आहेत. त्यांचीं छायाचित्रें पाहिलीं तर प्रथम एक गोष्ट डोळ्यांत भरते: कित्येकांचे चेहरे पूर्वेकडील लोकांसारखे आहेत. यूरोपच्या चित्रांतील गोरे, कुरळ्या केसांचे देवदूत पाहण्याची आपल्या डोळ्यांस संवय झालेली. येथें मात्र गालांचीं हाडें, डोळ्यांची ठेवण, सारें निराळें. कोणीं त्यास हरकत घेतली असल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. परंतु आपल्या वसईच्या कादोडी बोलणाऱ्या आजीच्या चेहऱ्याचा देवदूत कोणीं घडविला तर आपणांस तरी तो लगेच ओळखतां येईल काय?

वाद्यें वाजविणाऱ्यांत एक सारंगी हातीं घेतलेला आहे, एक लांब बासून फुंकणारा आहे, आणि एकाच्या हातीं वीणेच्या जातीचें 'हार्प' नांवाचें वाद्य आहे. त्या हार्पला तारा नाहींत. दगडाच्या तारा करणें अवघड, म्हणून त्या गाळल्या असें कोणासही प्रथम वाटेल. सोतोंचें म्हणणें निराळें आहे: तारा पाहणाराच्या अंतःकरणांत असतात, आणि तो पाहूं लागला म्हणजे वाद्य वाजूं लागतें. हें बोलणें कोणास कवीचें वाटेल. आम्हांस त्यांत कारागिराचा शहाणपणा अधिक दिसतो. इतक्या उंचीवरून दगडाची तार कोणास दिसणार, आणि दिसली तरी ती वाजणार थोडीच! जें आपल्याच्यानें होणार नाहीं तें पाहणारावर सोंपवून मोकळें होणें हें सुद्धां कौशल्यच आहे.

२००५ सालीं हें महाद्वार व तळघर जागतिक वारशाच्या यादींत घेतलें गेलें. सोतोंनीं पुढें याच महाद्वारासाठीं धातूचीं दारें घडविलीं. मधल्या दारावर वेलीचीं दाट पानें आहेत आणि त्या पानांत किडे-मुंग्या लपलेल्या आहेत. तीं शोधावयास मुलांनीं दारापाशीं गर्दी करावी अशी ती रचना आहे. मंदिराच्या बाजूच्या खिडक्यांच्या शिखरांवर त्यांचीं फळें आहेत, रंगीत काचेच्या तुकड्यांनीं मढविलेलीं. ख्रिस्तजन्माच्या बाजूस वसंत व उन्हाळ्याचीं फळें, आणि सूर्य मावळतो त्या बाजूस शरद व हिंवाळ्याचीं. केळींच्या व पानवेलींच्या वाड्यांतून वाढलेल्या आपल्या लोकांस देवळावर फळांच्या टोपल्या चढविण्याची ही कल्पना परकी वाटूं नये. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलांतील शास्त्रवाचनाचें पीठ देखील त्यांच्याच हातचें आहे.

आतां जें सांगावयाचें तें न सांगितलें तर आमची हकीगत एकांगी होईल. याच मंदिराच्या पश्चिमेस दुसरें महाद्वार आहे, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें. त्याचें शिल्पकाम सुबिराक्स नांवाच्या कॅटलन शिल्पकारानें १९८७ पासून पुढें अनेक वर्षें केलें. सुबिराक्स आपण श्रद्धाळू नसल्याचें उघड सांगत, आणि गाउदींची नक्कल न करतां आपल्याच रीतीनें काम करूं द्यावें ही अट घालूनच त्यांनीं तें स्वीकारलें. त्यांच्या मूर्ति टोंकदार, उपाशी, हाडें निघालेल्या. लोकांनीं त्यांविरुद्ध निदर्शनें केलीं. यहूदाच्या चुंबनाच्या शिल्पाशेजारीं त्यांनीं आंकड्यांचा एक चौकोन कोरला आहे. कोणतीही ओळ मिळवा, उभी, आडवी वा तिरपी, बेरीज तेहतीस येते, म्हणजे आपल्या प्रभूचें वय. सोतोंप्रमाणें सुबिराक्सही कित्येक वर्षें त्या आवारांत राबले. परंतु सोतोंच्या बाबतींत जें घडलें तें त्यांच्या बाबतींत घडल्याचें ऐकिवांत नाहीं. २०१४ सालीं ते वारले. आमचें मत विचाराल तर त्यांचा क्रूसावरील नग्न, मान लोंबलेला ख्रिस्त पाहतांना उत्तम शुक्रवारचें मौन अंगावर येतें. तें दगडांत उतरविणारा मनुष्य देवास अपरिचित राहिला असेल असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

म्हणून आमची समितीस विनंती एवढीच. आपला कारागीर वेदीचें काम करतां करतां बाप्तिस्मा घेईल, या आशेनें कोणीं त्याच्याभोंवतीं घिरट्या घालूं नयेत. तसें केल्यास आपण त्याचें काम व आपला धर्म, दोहोंचाही अपमान करूं. त्याला मजुरी वेळेवर द्यावी. द्राक्षवेल कोणती, गहूं कोणता, कोंकरूं कां, हें त्यानें विचारलें तर नीट बसून सांगावें. न विचारलें तर चहा द्यावा. तयार सांच्यांत ओतलेल्या, सर्वत्र एकाच तोंडवळ्याच्या मूर्ति सूचिपत्र पाहून मागविणें स्वस्त पडेल हें खरें, आणि हिशेबनीसांचें म्हणणें आम्हांस कळतें. तरी सांच्यांतून निघालेल्या मूर्तीपुढें कोणी तेरा वर्षें उभा राहिलेला नसतो.

सोतोंच्या चरित्राचा शेवट सांगतां येत नाहीं, कारण तो झालेला नाहीं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं ७ नोव्हेंबर २०१० रोजीं बार्सिलोनास जाऊन या मंदिराचें पवित्रीकरण केलें व त्यास बॅसिलिकेची पदवी दिली. त्याच पोपांच्या पूर्वाश्रमीच्या नांवें जें राट्झिंगर पारितोषिक देण्यांत येतें, तें २०२४ सालीं दोघांस मिळालें: सिरिल ओ'रिगन या आयरिश ईशज्ञानपंडितास आणि सोतो यांस. २२ नोव्हेंबर २०२४ रोजीं व्हॅटिकनमध्यें कार्डिनल पारोलिन यांच्या हस्तें तें देण्यांत आलें. हा मान बहुधा ग्रंथ लिहिणारांस मिळतो. संगीतकार आर्वो पेर्त आणि वास्तुशिल्पज्ञ मारिओ बोटा यांच्यासारखे कलावंत त्यांत थोडे. या खेपेस तो छिन्नी धरणाऱ्या हाताकडे गेला याचा आम्हांस फार संतोष वाटला.

मंदिरही चाललेंच आहे. २०२५ च्या ऑक्टोबरांत येशूच्या मनोऱ्यानें जर्मनींतील उल्मच्या देवळाची उंची मागें टाकली आणि तें जगांतील सर्वांत उंच देऊळ ठरलें. तरी त्याची ठरलेली उंची १७२.५ मीटर आहे, जवळच्या मोंजुइक टेकडीहून थोडी कमी. माणसाचें काम देवाच्या कामावर चढूं नये अशी गाउदींची इच्छा होती, आणि मंदिराच्या जुन्या भागाचा दगड त्या टेकडीच्याच खाणींतून आलेला. दक्षिणेकडील महिमेचें महाद्वार हें तिसरें. तें अजून व्हावयाचें आहे. सोतो सत्तरी ओलांडून गेले आहेत.

देवदूतांचीं व दारांचीं छायाचित्रें आम्हीं मोठीं करून आणविलीं आहेत. तीं सभागृहाच्या मागच्या भिंतीवर लावलीं आहेत. हार्पवाला देवदूत डावीकडून तिसरा. आपला कारागीरही आज येथें मागच्या बांकावर बसला आहे. छायाचित्रें पाहतांना त्यालाही पुढें जागा द्यावी, कारण त्याला तीं आपल्यापेक्षां अधिक वेळ पाहावीं लागणार आहेत.